घाटातून लहान गाडी नेताना



आज आपण घाटातून लहान मोटार कशी न्यावी याविषयी बोलू. कोणी म्हणेल, "गुरुजी, हे तर ड्रायव्हिंग शाळेचे काम." तसे ते आहेच. पण ती शाळा भरते तालुक्याच्या सपाट रस्त्यावर. तिथे घाट कुठून आणणार? आणि आपल्याला तर बाजार, दवाखाना, लग्नकार्य, सगळ्यासाठी घाट चढावा-उतरावा लागतो.

पूर्वी गावात मोटार एखाद्याच घरी असे. मारुती ८०० ही लहान गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि मोटार साध्या माणसाच्या दारात उभी राहू लागली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पण तिच्यासारख्या जुन्या लहान गाड्या लोक अजून विकत घेतात, वापरतात. घ्याव्यात. आमची काही तक्रार नाही. फक्त त्या गाडीची ताकद ओळखून घ्यावी.

मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, म्हणजे एक लिटरपेक्षाही लहान. गाडीचे स्वतःचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. तीत पाच मोठी माणसे बसली की तीनशे किलो वाढले. वर तांदळाचे पोते आणि फणस! म्हणजे गाडीच्या निम्म्या वजनाइतके ओझे तिच्या पाठीवर आले. सपाटीला हे जाणवत नाही. घाटात जाणवते.

चढाचे आधी सांगतो. ते सोपे आहे. चढाला गाडी धापा टाकू लागण्याच्या आधीच गिअर खाली घ्यावा. काही जण तिसऱ्या गिअरमध्ये रेस दाबून धरतात. इंजिन गुरगुरते, गाडी थरथरते, तरी ते गिअर बदलत नाहीत. दुसरा टाका. वळण उभे असेल तर पहिला टाका. त्यात कमीपणा कसला? एसी असेल तर चढाला बंद करा, कारण तोही इंजिनाचीच ताकद खातो. उंचावर हवा विरळ होते. तिथे दर हजार मीटरला इंजिनाची सुमारे दहावा हिस्सा ताकद कमी होते. पाण्याचा काटा लाल खुणेकडे गेला तर गाडी कडेला घ्या, थांबा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते.

चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घसरते. त्यासाठी हँडब्रेक ओढून ठेवा. क्लच हळू सोडा, थोडी रेस द्या. गाडी पुढे ओढू लागली, पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा झाला, की मग हँडब्रेक सोडा. कोणी चाकामागे दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाकायला सांगा. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दगड दिसत नाही.

आता उताराचे. आम्ही आज आलो ते मुख्यतः यासाठीच. चढाला फार तर गाडी बंद पडते. उताराला माणूस जातो.

आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची. काही जण तर चावी फिरवून इंजिनच बंद करतात. का? तर पेट्रोल वाचते. आंबेनळी घ्या, कुंभार्ली घ्या, वरंधा घ्या, हा उद्योग करणारे सगळीकडे भेटतात आणि वर अभिमानाने सांगतात.

मंडळी, बैलगाडीचा विचार करा. भरलेली गाडी उताराला लागली की ती बैलांना पुढे ढकलते. बैल मागे रेटा देतात, गाडी अडवून धरतात. गाडी सावकाश उतरते ती बैलांच्या जोरावर. अशा उतारावर कोणी बैल सोडून देईल का? मोटार न्यूट्रल करणे म्हणजे हेच. गिअर म्हणजे मोटारीचे जू. गिअर पडलेला असला की चाकांना इंजिन फिरवावे लागते. इंजिनातले दट्टे हवा ओढतात, दाबतात, त्यात उताराचा जोर खर्च होतो. गाडी आपोआप आवरली जाते. न्यूट्रल केली की जू सुटले. मग सगळे ओझे एकट्या ब्रेकवर.

ब्रेक कसा काम करतो? घासून. दोन्ही तळहात जोराने घासले तर गरम होतात, तसाच. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला आलो की आपण सव्वा किलोमीटरच्या आसपास उंची उतरतो. ढोबळ हिशेब केला, तर भरलेल्या लहान गाडीच्या या उतरण्यातून निघणाऱ्या उष्णतेने सुमारे ३५ लिटर, म्हणजे दोन-तीन घागरी थंड पाणी उकळेल. त्यातला बराच भाग वारा आणि टायर खातात हे खरे. पण उरलेली उष्णता कोणी तरी सोसायचीच. ती इंजिनाने सोसावी. त्याला थंड करायची सोय आहे. सगळी ब्रेकवर टाकली, तर ब्रेक इतका तापतो की धरेनासा होतो. ब्रेक ऑईल जुने असेल तर त्यात हवेतला ओलावा शिरलेला असतो. तो उकळतो, वाफ होते, आणि मग पाय दाबला की पेडल नुसते खाली जाते. म्हणून दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑईल बदलून घ्यावे. जुनी गाडी घेतली तर घेतल्याबरोबर बदलावे.

इंजिन बंद करणे तर त्याहून वाईट. बहुतेक गाड्यांत ब्रेकला इंजिनाची मदत असते. इंजिन बंद झाले की एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, पुढे पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होते. आणि चावी काढली तर स्टेअरिंगला कुलूपच लागते. पुढे वळण आणि हातात कुलूप!

बरे, पेट्रोल तरी वाचते का? जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत थोडे वाचत असेल. नव्या गाड्यांत उलट आहे. गिअर पडलेला आहे, रेसवरचा पाय काढलेला आहे, गाडी उताराने चालली आहे, अशा वेळी गाडी स्वतःच इंजिनाचे पेट्रोल तोडते. न्यूट्रल केली तर मात्र इंजिन चालू ठेवायला तिला पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे वाचवायला गेलो आणि जास्त खर्चले.

तेव्हा साधा नियम धरा. जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर उतार लागण्याआधी टाका. गाडी पळू लागल्यावर गडबडीने टाकू नका. क्लचवर पाय ठेवून उतरू नका, तेही बैल सोडण्यासारखेच. ब्रेक लागेल तेव्हा नीट दाबा, वेग कमी करा, सोडा. सतत पाय टेकवून ठेवू नका. हल्ली क्लच नसलेल्या लहान गाड्या मिळतात. त्यांतल्या बहुतेकांत गिअर हाताने खाली घेता येतो. घेणाऱ्याने तेवढे दुकानातच विचारून घ्यावे.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर समजा ब्रेक तापले. गिअर आणखी खाली घ्या, पहिली मोकळी जागा बघून थांबा, अर्धा तास गाडी निवू द्या. तापल्या चाकावर पाणी ओतू नका; लोखंड तडकते. पेडल खाली गेलेच, तर ते भराभर दाबा-सोडा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, आणि गाडी दरीकडे नव्हे, डोंगराकडे ठेवा.

अरुंद रस्त्यावर समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यायची. हा कायदा आहे. धुक्यात दिवा खाली पाडा; वरचा दिवा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. आणि घाटाच्या तोंडाशी पाट्या असतात, त्या आता तुम्हाला वाचता येतात. पुढे किती वळणे आहेत, उतार कसा आहे, ते तिथे लिहिलेले असते. शेजारी बसलेल्यानेही मोठ्याने वाचायला हरकत नाही.

घाट उतरून खाली आलात की चहाला थांबा आणि पुढच्या चाकाजवळ हात न्या. चाकाला लावू नका, नुसता जवळ न्या. भट्टीसारखी धग लागली, तर घाट ब्रेकवर उतरला आहे. साधी ऊब लागली, तर तो गिअरवर उतरला.