घोड्याची चाल आणि मुलाचं पाऊल



मार्गशीर्षात आपल्या परभणीकडची पुष्कळ माणसं माळेगावच्या यात्रेला जातात. खंडोबाचं दर्शन होतं, घोड्यांचा बाजारही पाहून होतो. एका वर्षी त्या बाजारात मला एक शेतकरी भेटले. कडेवर सहा वर्षांचा मुलगा. त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले, मान सावरत नव्हती. ते म्हणाले, "सर, घोड्यावर बसविलं की असलं लेकरू चालायला लागतं म्हणतेत. खरं हाय का? एक बैल विकून तट्टू घ्यावं म्हणतो."

बैल विकायला निघालेल्या बापाला अर्धवट उत्तर देऊन चालत नाही. तेच उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

अशा मुलांच्या विकाराला मेंदूचा पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी म्हणतात. पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच बाळाच्या वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही. पण स्नायूंवरचा ताबा जातो. हा ग्रहणाचा दोष नव्हे, आईचा नव्हे, आणि हा रोग दुसऱ्याला लागत नाही. पुष्कळ मुलांची बुद्धी शाबूत असते.

मग यात घोडा कशाला? घोडा सावकाश चालू लागला की स्वाराची कंबर पुढे-मागे व डावी-उजवीकडे हलते, थोडी वळतेही. आपण चालतो तेव्हा आपली कंबर जवळजवळ अशीच हलते. ज्या मुलानं कधी पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या धडाला चालण्याचा हा अनुभव घोडा देतो. अर्ध्या तासात सुमारे ३००० पावलं पडतात आणि दर पावलाला मूल आपला तोल सावरू पाहतं.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंना १९४४ साली पोलिओ झाला. तो विकार निराळा. पण पाय लुळे असूनही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात अपंगांसाठी घोडेस्वारीकडे लोकांचं लक्ष गेलं.

मात्र या उपचाराला शिकवलेला शांत घोडा लागतो. लगाम धरायला एकजण, मुलाच्या दोन्ही बाजूंना दोघं, आणि व्यायामोपचार जाणणारा तज्ज्ञ लागतो. खुब्याचा सांधा निखळला असेल किंवा फिट आवरत नसेल, तर घोडा धोक्याचाच. बसणं आणि तोल सुधारायला मदत होऊ शकते. मेंदूची इजा मात्र भरून येत नाही. वरातीच्या घोड्यावर पोर बसवणं म्हणजे उपचार नव्हे.

म्हणून मी त्यांना म्हणालो, "दादा, बैल विकू नका. आधी जिल्हा रुग्णालयात दाखवा. तिथं शिकवतील तो व्यायाम घरी रोज करून घ्या. लवकर सुरुवात केली तर गुण अधिक."

आणि गुरुजनहो, आपल्यासाठीही दोन शब्द. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत या मुलांची शाळा काढली, तेव्हा ती देशातली नवी गोष्ट होती. आता २०१६ च्या कायद्यानं, चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. आपल्या गावात असं एखादं मूल घरी बसून आहे का, हे उद्याच विचारा. असेल तर त्याच्या घरी जा, आणि वर्गात त्याला टेकून बसता येईल अशी जागा करा.