डोंगरवाटेचे पादत्राण



वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस वसलेल्या एव्हरशाईन सिटीतील एखाद्या उंच गच्चीवर उभे राहिले, म्हणजे पूर्वेकडे तुंगारेश्वराची डोंगररांग दृष्टीस पडते. पहिल्या पावसाने ती हिरवी झाली, की या वस्तीतील पुष्कळ कुटुंबांना रविवारी घरात बसवत नाही. सकाळचा चहा घेऊन मंडळी महामार्गावरील सातिवली गाठतात आणि ओढे ओलांडीत देवळाकडे निघतात. २००३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेला सुमारे ८५ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश शहराच्या इतका निकट आहे, की तेथे जाण्यास काही पूर्वतयारी लागते हेच कोणाच्या ध्यानी येत नाही. डबा, पाणी, छत्री यांची आठवण राहते. पायांची आठवण मात्र परतताना होते.

अशाच एका गृहस्थांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हिमालयातील एका सहलीसाठी त्यांनी पाच-सहा वर्षांपूर्वी भारी किमतीचे बूट घेतले होते. दोनदा वापरून ते खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. नव्यासारखे दिसणारे ते बूट चढवून गृहस्थ डोंगरावर गेले, आणि परतीच्या उतारावर एका बुटाचा तळ अर्ध्यापर्यंत उकलून लोंबू लागला. नाडीने कसाबसा बांधून ते चालू लागले. पण ओल्या कातळावर पाऊल वळले, घोटा मुरगळला आणि तब्बल सहा आठवडे त्यांना घरी बसावे लागले.

सर्वांनी दोष पावसाला दिला. खरे कारण निराळे होते. बुटाच्या तळात धक्के सोसण्यासाठी पुष्कळदा पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा मऊ थर असतो. हवेतील दमट वाफेने हा पदार्थ हळूहळू विघटित होतो, ठिसूळ बनतो आणि एके दिवशी त्याचा भुगा होतो. वसईसारख्या खाडीकाठच्या हवेत बंद खोक्यातील बूट म्हणूनच सुरक्षित नसतो. न वापरल्याने वस्तू टिकते, ही आपली गृहस्थी समजूत येथे फसते. जुना बूट डोंगरावर नेण्यापूर्वी अंगठ्याने तळ दाबून पाहावा, वाकवून पाहावा आणि घराजवळ एक-दोन दिवस घालून हिंडावे.

आता नव्या बुटाचा विचार. सह्याद्रीचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, म्हणजे बेसाल्टाचा आहे. त्याच्या वाटेवर पायाला तीन प्रकारची भूमी भेटते: अखंड कातळ, ओढ्यातील सुटे धोंडे आणि मुरमाचा घसारा. कातळाला चिकटणारे मऊ रबर लागते, घसाऱ्याला खोल खाचा लागतात, आणि धोंड्यांची टोके तळव्यास बोचू नयेत म्हणून तळ जाड असावा लागतो. दोन्ही हातांत बूट धरून पिळून पाहावा. धुतलेल्या फडक्यासारखा पिळला गेला तर तो डोंगराच्या कामाचा नव्हे. चवड्यापाशी मात्र तो सहज वाकला पाहिजे.

खाचांच्या रबरी तळाचा इतिहास एका दुर्घटनेतून घडला आहे. १९३५ साली इटलीतील आल्प्स पर्वतात विटाले ब्रामानी यांचे सहा सोबती वादळात सापडून मरण पावले. त्यांची पादत्राणे त्या हवेला आणि त्या भूमीला पुरी पडणारी नव्हती. त्या दुःखातून ब्रामानी यांनी खिळ्यांच्या चामडी तळाऐवजी खोल खाचांचा रबरी तळ सिद्ध केला. १९५४ साली के-टू हे शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन वीरांच्या बुटांना हाच तळ होता. तथापि शेवाळलेल्या दगडावर कोणताही तळ विश्वासाचा नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

पुढचा प्रश्न मापाचा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशातील सुमारे एक लाख लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपीय पावलाहून रुंद असल्याचे दिसून आले. परदेशी मापाचा अरुंद बूट बोटांस आवळतो; मग ग्राहक एक माप मोठा घेतो आणि टाच आत घसरू लागते. यास्तव बूट सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, जाड मोजे घालून पाहावा. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी असावी, टाच मात्र उचलली जाऊ नये. दुकानात उतरती फळी असल्यास तिच्यावरून, नसल्यास जिन्यावरून उतरून पाहावे. कारण बुटाची परीक्षा चढणीवर नव्हे, उतरणीवर होते. बोटे पुढे आपटत असतील, तर घरी येईतो नखे काळी पडतील. उतरणीपूर्वी घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळावी, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही.

पाणी आत न शिरू देणारा बूट थंड प्रदेशात उत्तम. पण तुंगारेश्वराच्या ओढ्यात तो वरून भरला, तर पाणी आतच राहते. आपल्या पावसाळ्यास पाणी चटकन निथळणारा, जाळीदार कापडाचा बूट अधिक सोयीचा. केवळ किमतीवर जाऊ नये. मागच्या पिढीतील भटक्या मंडळींनी साध्या कॅनव्हासच्या हंटर बुटांवर कित्येक गड पालथे घातले.

आणि त्याहूनही एक विचार करण्यासारखा आहे. डोंगरपायथ्याच्या पाड्यांतील वारली बांधव त्याच वाटांनी साध्या चपलांवर, प्रसंगी अनवाणी, डोक्यावर मोळी घेऊन ये-जा करतात. त्यांच्या पावलांस बाळपणापासून कातळाची ओळख आहे. फरशी आणि उद्वाहन यांवर वाढलेले शहरी पाऊल ती ओळख गमावून बसले आहे. उंच बूट घोट्यास आधार देतो, बळ देत नाही. ते बळ रोजच्या चालण्याने, जिना चढण्या-उतरण्याने, एका पायावर तोल सावरण्याच्या सवयीने येते.

त्या गृहस्थांनी पुढे नवे बूट घेतले. पण त्याआधी दोन महिने उद्वाहन सोडून रोज जिन्याने ये-जा केली. श्रावणात ते पुन्हा तुंगारेश्वरास जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी बूट उन्हात न ठेवता वाऱ्यावर वाळविले, आणि ते माळ्यावर न टाकता दाराशीच, नित्याच्या चपलांशेजारी, ठेवून दिले.