जुन्या ट्रकांतील थंडाव्याची गळती

अमेरिकेच्या नैर्ऋत्येस, ॲरिझोनासारख्या प्रांतांत, जुलै महिन्यांत पारा कित्येकदां ४३ अंशांच्याही वर जातो. तेथील शेतकरी, सुतार व गवंडी यांच्यापाशीं तीस-पस्तीस वर्षांचे जुने पिकअप ट्रक अद्यापि चालू स्थितींत आढळतात. अशा ट्रकचें इंजिन ठणठणीत असतें. मान टाकतें तें वातानुकूलन. मालक बटण दाबतो, पंखा घोंघावतो, आणि झरोक्यांतून येते ती भट्टीवरची झुळूक.

मग दुकानांतून वायूचा डबा येतो व नळींत रिकामा होतो. आठ दिवस गारवा मिळतो. नवव्या दिवशीं पुन्हा तीच स्थिति. फुटक्या रांजणांत पाणी ओतण्याचाच हा प्रकार होय. शीतकवायु हा कांहीं पेट्रोलप्रमाणें जळून संपणारा पदार्थ नव्हे. कॉम्प्रेसर त्यास दाबतो. कंडेन्सरमध्यें उष्णता टाकून तो द्रवरूप होतो. अरुंद छिद्रांतून पुढें जातांच त्याचा दाब उतरतो, व डॅशबोर्डामागील बाष्पकांत उकळतांना तो आंतील हवेची उष्णता शोषून घेतो. बंद घरांतली ही फेरी वर्षानुवर्षें चालावयास हवी. वायु कमी झाला, याचा अर्थ एवढाच कीं, त्यास कोठें तरी वाट सांपडली आहे. ती वाट शोधणें हेंच खरें काम. आणि घाईच्या माणसाला नेमकें तेंच नको असतें.

वायु डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु निसटतांना तो कॉम्प्रेसरचें तेल बरोबर नेतो, आणि तेलावर धूळ बसते. म्हणून जाणता कारागीर उपकरणांस हात घालण्यापूर्वीं दिवा घेऊन एकेक सांधा न्याहाळतो. काळसर, चिकट डाग दिसला कीं संशयास जागा झाली. मोठी गळती साबणाच्या फेसानें उघडी पडते. सूक्ष्म गळतीसाठीं तेलांत रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखालीं त्याची चमक पाहतात. वायु हुंगणारें विद्युत्-उपकरण वापरावयाचें, तर तें सांध्याच्या खालच्या अंगास धरावें, कारण हा वायु हवेपेक्षां जड असतो. बाष्पक तर डॅशबोर्डाआड दडलेला. त्याची चौकशी पाणी निथळणाऱ्या नळीच्या तोंडाशींच करावी लागते.

फोर्डच्या त्या काळांतील कित्येक गाड्यांत नळ्यांचे सांधे आट्यांनीं नव्हे, तर स्प्रिंगच्या कड्यानें अडकविलेले असतात. आंतील रबरी ओ-रिंगा इंजिनाच्या उष्णतेनें वर्षानुवर्षें भाजून कडक होतात, आणि चार आण्यांच्या त्या कड्यापायीं सारें यंत्र निकामी ठरतें. वायु भरण्याच्या तोंडाची झडप हेंही असेंच एक दुर्लक्षित ठिकाण. तिच्यावरील टोपण हरवलेलें असणें हें तर नित्याचेंच.

दोष सांपडला तरी लगेच पाना चालवूं नये. १९९४ पूर्वींच्या बहुतेक ट्रकांत आर-१२ हा वायु असे. त्याच्या जातीचे वायु ओझोनच्या थराचा नाश करतात, हें मोलिना व रोलंड यांनीं १९७४ मध्यें दाखविलें. १९८७ मध्यें माँट्रियलचा करार झाला, व १९९५ च्या अखेरीस अमेरिकेंत आर-१२ चें सामान्य उत्पादन थांबलें. हा वायु हवेंत सोडणें तेथें गुन्हा आहे. तो प्रमाणपत्रधारक कारागिराच्या यंत्रानेंच काढून घ्यावा लागतो. उघड्या ज्योतीजवळ त्यापासून विषारी वायु उत्पन्न होतात, ही गोष्ट निराळी.

त्यानंतर नव्या रिंगा तेल लावून बसवाव्या. ओलावा शोषणारी कुपी बदलावी. ती वांचविण्याची काटकसर महाग पडते, कारण ओलावा व शीतक मिळून आम्ल बनतें व तें धातूस खातें. मग निर्वात पंप अर्धा-पाऊण तास चालवावा. सुमारें २९ इंच पाऱ्याच्या निर्वातांत साधारण २५ अंशांवरही पाणी उकळतें, व आंतील ओलावा वाफ होऊन निघून जातो. पंप बंद केल्यावर कांटा स्थिर राहिला, तर सांधे धरले. हलला, तर पुन्हा शोध.

आर-१३४ए हा नवा वायु घालावयाचा, तर जुनें खनिज तेल चालत नाहीं, तोंडें बदलावीं लागतात, आणि वायूचें वजनही मूळच्या सुमारें ८० ते ८५ टक्केच ठेवतात. अंदाजानें भरणाऱ्याच्या हातून तें अधिकच पडतें, आणि दाब वाढून कॉम्प्रेसर कुरकुरूं लागतो. गळती बुजविणाऱ्या तयार औषधाचा डबा स्वस्त दिसतो खरा, परंतु तें औषध हवेच्या स्पर्शानें घट्ट होतें आणि पुढें वायु काढणारें यंत्रच तुंबवितें. असा ट्रक कित्येक कारखानदार दारांतूनच परत पाठवितात.

दुरुस्त ट्रक हिवाळाभर तसाच उभा ठेवल्यास कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील कोरडें पडतें. याकरितां जाणते मालक थंडींतही महिन्यांतून एकदां दहा मिनिटें वातानुकूलन चालू ठेवतात. कुडकुडतच, पण ठेवतात.