पिसूची उडी किती इंचांची?

प्राण्यांच्या अंगच्या करामतींचा विषय निघाला की पिसूचे नाव हमखास येते. पिसू जेमतेम दोन मिलिमीटरची, आणि उडी मारते सुमारे 18 सेंटिमीटर उंच. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या नव्वदपट. मग लगेच हिशेब मांडला जातो, की साडेपाच फुटी माणसाला हेच बळ लाभले असते, तर मुंबईचा 280 फुटी राजाबाई टॉवर त्याने सहज ओलांडला असता. यातला गुणाकार बरोबर आहे. माझे म्हणणे एवढेच, की तो करायलाच नको होता.

कारण शरीर वाढते तेव्हा त्यातले सगळेच सारख्या पटीने वाढत नाही. प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट झाली की वजन होते आठपट. स्नायूही आठपट, म्हणून उडीसाठी मिळणारी ऊर्जा साधारण आठपट. पण उचलायचे ओझेही तेवढेच वाढलेले. उडी राहते जिथल्या तिथे. इटलीच्या बोरेली यांनी हा विचार सतराव्या शतकातच मांडला होता. माणूस जागच्या जागी उडी मारतो तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य सुमारे अर्धा मीटर वर जातो. त्याचे वजन पिसूच्या काही कोटी पट, आणि उडीतला फरक तिपटीच्या आसपास!

यावर कोणी म्हणेल, मग त्या फ्रॉगहॉपरचे काय? झाडाचा रस शोषणारा हा किडा सहा मिलिमीटरचा असूनही 70 सेंटिमीटर उंच उडतो, हे केंब्रिजच्या माल्कम बरोज यांनी 2003 मध्ये दाखवून दिले. पिसूपेक्षा हे बरेच जास्त, पण माणसाच्या उडीच्या जवळपासचेच. पायांची ठेवण, हवेचा अडथळा यांनी थोडे इकडेतिकडे होणारच, आणि हवा तर चिमुकल्या देहाला फारच जाचते. पण पटींच्या हिशेबाला त्याने आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: असे म्हणून तुम्ही पिसूला अगदीच सामान्य करून टाकले. उलट, तिचे खरे कसब इथेच दिसू लागते. पाय इवलेसे, त्यामुळे जमिनीला रेटा द्यायला तिला सेकंदाचा साधारण हजारावा भाग मिळतो. इतक्या झटपट कुठलाच स्नायू आखडू शकत नाही. म्हणून पिसू उडीची तयारी आधी करून ठेवते. तिच्या छातीत, मागच्या पायांच्या वर, रेझिलिन नावाच्या प्रथिनाची बारीकशी उशी असते, रबरासारखी. स्नायू ती उशी आणि भोवतालचे कवच सावकाश दाबत आणतात, दाब अडकवून ठेवला जातो, आणि अडकण सुटताच साठलेली जवळजवळ सगळी ऊर्जा पायांत उतरते. पोरे गलोलीचे रबर हळू ताणतात, खडा मात्र सणकन जातो, तसेच हे. तेव्हा पिसूचे मोठेपण बळात नाही, बळ साठवण्यात आहे, आणि ते सांगायला राजाबाई टॉवर लागत नाही.

पटींऐवजी इंच मोजण्याचे महत्त्व मुंबईने एकदा फार जवळून पाहिले आहे. 1896 मध्ये शहरात प्लेग आला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून मांडले. पण पुष्कळांना ते पटले नाही. पुढे 1905 पासून मुंबईत प्लेग कमिशनच्या संशोधकांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. पिसवा असलेल्या खोलीत जमिनीवर ठेवलेल्या गिनीपिगांना प्लेग होई. पिंजरा पिसूच्या उडीपलीकडे उंच टांगला, की आतला प्राणी वाचे.