एकटी पडली की मरते! मूलपेशी आणि ‘रॉक’ची गोष्ट

आजची गोष्ट एका एन्झाइमची. एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. याचं नाव रॉक. गिटारशी काही संबंध नाही हं, पूर्ण नाव ‘रो-असोसिएटेड कायनेज’.

1998 साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी भ्रूणातल्या मूलपेशी पहिल्यांदा प्रयोगशाळेत टिकवून वाढवल्या. या पेशींपासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकते. शिवाय एकीच्या दोन झाल्या, तरी दोन्ही मूलपेशीच राहू शकतात. हे झालं स्व-नूतनीकरण.

मग अडचण कुठे आली? या पेशी घोळक्याने राहतात, शेजारणीला घट्ट धरून. एकेक सुटी केली, की बहुतेक सगळ्या काही तासांत मरतात. शंभर सुट्या पेशी ठेवल्या, तर जेमतेम एखादीची वसाहत व्हायची. गंमत म्हणजे उंदराच्या अशाच पेशी सुट्या केल्या तरी मजेत जगतात.

आता म्हणाल, सुटी करायचीच कशाला? कारण जनुकात दुरुस्ती केली, तर ती नेमकी झालेली एक पेशी निवडून तिचीच पिल्लावळ वाढवावी लागते. ती एकच मेली, तर सगळी मेहनत पाण्यात.

2007 मध्ये जपानमध्ये, कोबेच्या रिकेन संस्थेत योशिकी सासाई यांच्या गटाने रॉकला अडवणारं एक रसायन वापरलं: वाय-27632. वसाहत करणाऱ्या पेशींचं प्रमाण साधारण 1 टक्क्यावरून 27 टक्क्यांवर गेलं!

हे घडलं कसं? रॉकचं रोजचं काम म्हणजे पेशीच्या आतल्या मायोसिन या प्रथिनाला आकुंचनाचा हुकूम देणं. शेजारणीचा हात सुटला, की रॉक बेभान होतो. पेशी स्वतःलाच इतकी आवळते, की तिच्या पृष्ठभागावर फुगे येतात आणि शेवटी ती मरते. म्हणजे एन्झाइम बिघडलेलं नसतं. ते आपलंच काम करतं, फक्त नको तेवढं.

एक घोळ मात्र करू नका. रॉकला अडवलं म्हणून पेशी ‘मूलपेशी’ राहत नाही. त्यासाठी वाढीचे वेगळे संकेत लागतात. रॉक अडवल्याने ती फक्त जगते. पण जगलीच नाही, तर नूतनीकरण कोण करणार? म्हणून बऱ्याच प्रयोगशाळांत हे रसायन पहिल्या दिवसापुरतं घालतात आणि मग काढून टाकतात.

आणि एक शंका कायम ठेवायची. शंभरातली एखादीच जगते, तेव्हा ती नुसती नशीबवान होती, की गुणसूत्रात बदल झाल्यामुळे चिवट झाली होती? अशी चिवट पेशी हळूहळू सगळी बशी व्यापू शकते. उद्या तीच रुग्णाच्या डोळ्यात किंवा मेंदूत गेली तर? म्हणून पेशींची गुणसूत्रं पुन्हा पुन्हा तपासावी लागतात.

हे सगळं फार लांबचं नाही बरं का. मुंबईत परळच्या, आताच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतही मानवी भ्रूण मूलपेशींच्या दोन वंशरेषा तयार झाल्या आहेत, किंड-1 आणि किंड-2.

तेव्हा ‘स्टेम सेलने सगळं बरं होतं’ अशी जाहिरात फोनवर दिसली, तर आधी विचारा: कुठल्या पेशी, आणि तपासल्या कुणी? भेटू पुढच्या भागात!