कधीतरी मिळतं म्हणून



मुलांना लागलेलं मोबाईल गेमचं वेड आणि त्याचा मनावर होणारा परिणाम, असा विषय आकाशवाणीने मला दिला आहे. या विषयावर शाळांमधून पालकांशी बोलणं होतं आणि बोलून झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “मॅडम, दिवसाला किती तास खेळलं तर चालतं?” मी एखादा आकडा द्यावा आणि तो घरी भिंतीवर लिहून ठेवावा, अशी अपेक्षा असते.

असा आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या व्याख्येत तासांचा उल्लेखच नाही. तीन गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. खेळायला कधी बसायचं, कधी उठायचं, हे स्वतःच्या हातात राहिलं आहे का? अभ्यास, जेवण, मित्र, झोप या सगळ्यांच्या वर गेम जाऊन बसला आहे का? आणि नुकसान समोर दिसत असूनही खेळ चालूच आहे, वाढतोच आहे, असं होतंय का? हे साधारण वर्षभर चाललं आणि त्यापायी शाळा, घर, कामधंदा कोलमडला, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मोबाईलला चिकटलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. खेळणाऱ्या मुलांपैकी बहुतेक मुलं बसत नाहीत. तेव्हा आपल्याच लेकराला पाहुण्यांसमोर व्यसनी म्हणून मोकळं होऊ नका. त्याला ते ऐकू येतं.

पण विकार नसलेली मुलंसुद्धा “शेवटची मॅच” म्हणतात आणि पुढे तासभर उठत नाहीत. का उठत नाहीत? मजा येते म्हणून, असं आपण म्हणतो. एकदा त्या मुलाचा चेहरा नीट पाहा. तो ओळीने हरतो आहे, कपाळाला आठ्या आहेत, मित्रावर खेकसतो आहे, पाय आखडले आहेत. ही मजा आहे? तरी तो उठत नाही. माझ्या मते आजच्या विषयातला खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला मला तुम्हाला जवळजवळ शंभर वर्षं मागे न्यावं लागेल. मी मानसशास्त्राची मास्तरीण, त्यामुळे उंदीर आल्याशिवाय माझं व्याख्यान पूर्ण होत नाही.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बी. एफ. स्किनर नावाचा एक तरुण संशोधक होता. गोष्ट १९३०च्या आसपासची. त्याने एक पेटी केली होती. पेटीत उंदीर, आणि एक छोटी दांडी. उंदराने दांडी दाबली की खाण्याची एक गोळी खाली पडायची. दाबलं की गोळी, दाबलं की गोळी. आता या गोळ्या बाजारात मिळत नव्हत्या. त्या स्किनरला स्वतः एका यंत्रावर पाडत बसावं लागे, आणि उंदीर काही खायचे थांबत नसत. एका शनिवारी दुपारी त्याने साठा पाहिला आणि हिशेब केला. सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत गोळ्या संपणार. म्हणजे उरलेली सुट्टी गोळ्या पाडण्यात जाणार. तेव्हा त्याच्या मनात आलं, प्रत्येक वेळी गोळी द्यायलाच हवी का? मिनिटाला एकच दिली तर?

त्याने तसं केलं. आपल्याला वाटेल, उंदराचा उत्साह मावळला असेल. नाही मावळला. उंदीर दांडी दाबतच राहिला. कंटाळवाण्या कामातून सुटका व्हावी म्हणून केलेल्या काटकसरीतून मानसशास्त्रातला एक फार मोठा शोध निघाला. ही हकिकत स्किनरने स्वतःच १९५६ साली एका लेखात मोठ्या मिश्कीलपणे लिहून ठेवली आहे.

त्याच्या आत्मचरित्रात आणखी एक किस्सा आहे, तोही सांगते. एकदा गोळ्या सोडणारं यंत्रच अडकलं. स्किनर तेव्हा तिथे नव्हता. उंदीर दांडी दाबतो आहे आणि गोळी येत नाही. गोळी नसतानाही उंदीर किती वेळ दाबत राहतो आणि हळूहळू कसा थांबतो, त्याचा आलेख कागदावर आपोआप उमटत होता. परत आल्यावर स्किनरने तो पाहिला आणि हरखून गेला. शुक्रवारची दुपार होती, सांगायला प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. त्या शनिवार-रविवारी तो रस्ता ओलांडताना विशेष जपत होता म्हणे, कारण आपण मेलो तर शोधही आपल्याबरोबर जाईल! वर्गात हा किस्सा सांगितला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा हसायची.

पुढे कबुतरांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले, आणि १९५७ मध्ये त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच, आणि हे लक्षात ठेवा. प्रत्येक वेळी बक्षीस मिळत असेल आणि ते अचानक बंद झालं, तर प्राणी थोडा प्रयत्न करून सोडून देतो. पण बक्षीस कधी मिळणार हे मुळीच सांगता येत नसेल, कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या, तर तो टोचत राहतो. थकून जातो तरी टोचत राहतो. बक्षीस बंद झाल्यावरसुद्धा टोचत राहतो. पुन्हा सांगते. नेहमी मिळतं त्याच्यापेक्षा कधीतरी मिळतं त्याची सवय जास्त चिवट. नदीवर गळ टाकून दिवसभर बसणाऱ्याला विचारा, तो उठतो का.

आता हे गेम बघा. बीजीएमआय, म्हणजे आपल्या मुलांच्या तोंडी अजूनही पब्जीच, त्यात एका मॅचला शंभर जण उतरतात आणि शेवटी एकच जण किंवा एकच टोळी उरते. म्हणजे हरणं हेच नेहमीचं, जिंकणं कधीतरी. फ्री फायरमध्ये पन्नास जण आणि दहा-एक मिनिटांचा डाव, त्यामुळे हरलं तरी पुढचा डाव लगेच. वाटेत पेट्या सापडतात, त्यात काय निघेल सांगता येत नाही. मॅचमधून बाहेर आलं की चक्र फिरवायचं, क्रेट म्हणजे बक्षिसाची पेटी उघडायची. बंदुकीला नवी स्किन, म्हणजे नवं रंगरूप मिळेल, नाहीतर काहीच नाही. शिवाय अशा अनेक गेममध्ये नवख्याच्या समोर सुरुवातीला खरे खेळाडू कमी आणि कॉम्प्युटरने चालवलेली बाहुली जास्त असतात, म्हणजे पहिले काही विजय सोपे जातात. गोडी लागली की पुढे विजय दुर्मीळ होत जातो. हे कुणीतरी बसून, विचार करून, मोजून मापून बांधलेलं आहे. बेल्जियमने तर २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं. तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला “तुला इच्छाशक्तीच नाही” म्हणताना एवढं ध्यानात असू द्या, की त्याच्या समोर पगार घेऊन बसलेली मोठी माणसं आहेत.

आता तुमच्या घरात येते. आणि इथे थोडी बोलणी खावी लागतील, रागावू नका.

संध्याकाळची वेळ. मुलगा म्हणतो, “आई, मोबाईल दे ना.” आई म्हणते, नाही. तो पुन्हा मागतो, नाही. पाय आपटतो, नाही. तेवढ्यात दारात पाहुणे येतात, कढईत फोडणी जळायला लागते, आणि आई म्हणते, “घे बाबा, पण पाचच मिनिटं!” काय झालं? गोळी पडली. दुसऱ्या दिवशी आई ठाम राहते, तर आजी आतल्या खोलीतून हाक मारते, “ये रे सोन्या, माझ्या फोनवर खेळ.” पुन्हा गोळी. तिसऱ्या दिवशी कुणीच देत नाही. चौथ्या दिवशी बाबा दमून आलेत, त्यांना कटकट नको आहे. गोळी! श्रोतेहो, स्किनरच्या पेटीतलं वेळापत्रक आपण आपल्या स्वयंपाकघरात लावून ठेवलेलं असतं. गेम मुलाला खेळायला चिकट करतो, आणि आपण त्याला मागायला चिकट करतो. रोज सरळ अर्धा तास देणारं घर परवडलं, बिलकुल न देणारं घरही परवडलं. पाच वेळा नाही आणि सहाव्या वेळेला हो म्हणणारं घर नको. हे मी लग्नकार्यातसुद्धा सांगत असते, त्यामुळे नातेवाईक मला थोडे टाळतात. पण सांगते. आई, बाबा, आजी, आजोबा, सगळ्यांनी आधी आपसात ठरवा, मुलासमोर नाही, आणि जे ठरेल ते चौघांचं एक असू द्या.

आणि एक इशारा. नियम लावल्यावर पहिले काही दिवस हट्ट कमी होत नाही, वाढतो. गोळी बंद झाली की उंदीरही आधी दांडी जोरजोरात दाबतो. आपण नेमके याच वेळी घाबरून मोबाईल हातात देतो, आणि मुलगा शिकतो की एवढं ओरडलं की मिळतं. मात्र इथे एक अपवाद आहे आणि तो नीट ऐका. मूल स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल, अंगावर येत असेल, तर तो हट्ट समजून ताणू नका. मोबाईल नदीत फेकणं, सगळ्यांदेखत फोडणं असले प्रयोग करू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

काचेपलीकडून वेळेची खूण झाली आहे, आणि विषयाचा अर्धा भाग, मनावरचा परिणाम, तो तर राहिलाच. भरभर सांगते. पहिली जाते झोप. रात्री दोनपर्यंत खेळणारा मुलगा सकाळी चिडका, वर्गात गुंगलेला, आणि त्याचं आपण निदान करतो, आळशी झालाय. झोप परत आली की निम्मी चिडचिड आपोआप उतरते, म्हणून सुरुवात रात्रीच्या मोबाईलपासून करा. तो झोपायच्या खोलीत नको, मोठ्यांचासुद्धा नको. दुसरं, उदासी, धास्ती, एकटेपण. गेममुळे ही येतात का? येतात. पण उलटही होतं. आधीच एकटं पडलेलं, गणितात मागे राहिलेलं, शाळा बदललेलं, वर्गात चिडवलं जाणारं मूल गेमकडे जातं, कारण तिथे त्याची रँक आहे, टोळीत त्याची वाट पाहणारं कुणी आहे. त्याचा गेम काढून घ्यायच्या आधी, त्याला तिथे काय मिळतं ते विचारा. चिडून नाही, खरंच विचारा. जमलं तर एक मॅच शेजारी बसून पाहा.

बंदीबद्दल लोक विचारतात. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी बंद केला, मुलं दुसऱ्या गेमवर गेली, आणि पुढच्या वर्षी जुलैत जवळजवळ तोच खेळ नव्या नावाने परत आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने मनाई केली, ते मला पटतं, कारण तिथे घरं बुडत होती. पण बाकीच्या गेमचं दिल्लीहून काही होईल म्हणून वाट पाहू नका.

मदत मिळते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून याच त्रासासाठी वेगळं क्लिनिक आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारा. आणि टेलि-मानस ही सरकारची मोफत फोनसेवा आहे, मराठीतही बोलता येतं, दिवसरात्र चालू असते. क्रमांक लिहून घ्या, एक चार चार एक सहा. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. फोन मुलानेच करायला हवा असं नाही, आईवडिलांनी केला तरी चालतो.

मुलींच्या गेमबद्दल आणि कॉलेजच्या मुलांच्या ई-स्पोर्ट्सच्या स्वप्नांबद्दल बोलायचं होतं, ते राहिलं. उंदरांनी वेळ खाल्ला.