कूळ मालक झाले, घराचे काय?



1948 च्या कूळकायद्यान्वये 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. परंतु सातबारा हा शेताचा. गावठाणातील घराचा नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 करआकारणीपुरता. त्यामुळे जुन्नर-आंबेगावातील कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या घरपट्टी भरली, तरी तारणासाठी बँकेपुढे ठेवण्यास मालकीचा कागद नसे. ही उणीव दूर करणाऱ्या ड्रोन-मोजणीचा आरंभिक प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. 24 एप्रिल 2020 रोजी ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली. मिळकतपत्रिका हातात पडली की घराला पत येते.

पण ज्याला जागाच नाही, त्याने काय करावे? घरकुल मंजूर, पाया घालायला भूमी नाही! त्यासाठी 2015 पासून पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागाखरेदी योजना आहे. आरंभी 50 हजार आणि पुढे 1 लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरले. मंचर-नारायणगावच्या महामार्गालगत एवढ्यात जागा मिळणे दुरापास्तच.

शिवाय जागा सुरक्षितही हवी. 30 जुलै 2014 रोजी माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक जीव गेले. आमडे येथील नवी घरे 2017 साली मिळाली.

कायदा झाला, योजना आली, एवढ्याने छप्पर उभे राहत नाही. शिक्षित कार्यकर्त्याने प्रत्येक वाडीत बसून अर्ज भरावेत, नोंदी तपासाव्यात आणि गृहिणीचेही नाव कागदावर लागेल हे पाहावे. अंत्योदयाचा आरंभ तिथूनच होतो.